लांब व्हा, सुरुंग हाय

लासुर्णे
गुरुवार, १७ एप्रिल २०२५
दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे

अजित,

हे पत्र सुरू केलं तेव्हा मी झेरॉक्सच्या दुकानात बसून तुझ्या वडिलांच्या एक्स-रेच्या पाकिटावर त्यांचं नाव लिहीत होतो. सोपान दगडू, वय सत्तावन्न, डावा पाय. दवाखान्यातल्या पोरीनं घाईत 'सोपन' लिहिलं होतं. ते खोडून नीट लिहिलं.

तू माझा नंबर बंद केलास त्याला चौदा महिने झाले, म्हणून पत्र. गांधीधामचा तुझा पत्ता तुझ्या आईनं, फुलामावशींनी दिला. तो त्यांनी पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलाय. दोन अक्षरं पिठानं बुजली होती, ती मी अंदाजानं वाचली. पत्र पोचलं तर अंदाज बरोबर.

फोनवर तुला मोघम कळलंच असेल. गेल्या गुरुवारी, दहा तारखेला, दुपारी पाऊण वाजता कालव्याच्या एकोणीस नंबरच्या चारीचं दार कुणीतरी जिलेटिननं उडवलं. तुझे तात्या दाराखालून जाणाऱ्या मोरीच्या पक्क्या बोळात होते. डावा पाय दोन ठिकाणी मोडला, सळई घातली आहे. दोन्ही कान गेले. डॉक्टर म्हणतात, उजवा थोडा परत येईल, कदाचित. मी त्या वेळी दुकानात होतो.

बारामतीत त्यांना तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची खाट मिळाली आहे. समोर एका बंगल्याची हिरवळ दिसते. तिच्यावर दिवसभर पाण्याचं कारंजं गोल फिरतं, एक फेरी साधारण अकरा सेकंदांची. काचेच्या अलीकडे आम्हाला त्याचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे त्या एका गोष्टीत मी आणि तात्या सारखे. बाहेर कुठंतरी सावर फुटली आहे, तिचा कापूस खिडकीवरून तरंगत जातो. तात्या कारंज्यावर नजर ठेवतात. काल एकदम मोठ्यानं म्हणाले (आपण किती मोठ्यानं बोलतो ते त्यांना कळत नाही), "पान्याची पाळी कुनाची हाय हितं? सकाळधरनं दार उघडंच हाय!" सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो.

मावशी म्हणतात, तुला सुट्टी नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

तुला माझा राग आहे तो पाटबंधारे कार्यालयाला दिलेल्या अर्ज क्रमांक सव्वीसचा. त्याची नक्कल माझ्याकडे आहे. 'चारीच्या शेवटी, टेलला असलेल्या आमच्या वस्तीला सलग सहा आवर्तनांत पाणी पोचलेले नाही. दार निम्मेच उचलले जाते. जबाबदारी निश्चित व्हावी.' त्यात तात्यांचं नाव नव्हतं. पहिला अर्ज मी सातवीत असताना लिहिला, आमचे अप्पा सांगत होते तसा. बारावी सुटली, अर्ज सुटले नाहीत. पंचवीस अर्जांना पोचेचा शिक्का मिळाला, दुसरं काही नाही. सव्विसाव्याला उत्तर आलं. त्यात तुझे वडील दोन महिने निलंबित होते. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यांच्या अकरा जागा, भरलेल्या दोन, तात्यांकडे बावीस किलोमीटर कालवा आणि एक सायकल. चौकशी एकेक पायरी उतरत आली आणि जिथं खाली आणखी कुणी नव्हतं तिथं थांबली.

एवढं लिहायचं होतं. एक्स-रेची पिशवी घेऊन चारच्या एसटीनं निघतो.

ऋषिराज


लासुर्णे
गुरुवार, २४ एप्रिल २०२५
सकाळी सव्वाअकरा

अजित,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही.

नवल सांगतो. चारीला नवं दार बसलं. नऊ दिवसांत. लोखंड निळ्या रंगाचं, फिरवायला गोल चाक, चाकाला ग्रीस. अकरा वर्षं मी हेच मागत होतो. आणि पोलीस चौकी पुन्हा उघडली. आठवीत आपण जिच्या खिडकीतून चिमणीचं घरटं बघायचो तीच. आता तिच्यात बारा पोलीस राहतात आणि ओट्यावर त्यांचे गणवेश वाळत असतात. इतकी माणसं एकदम पाहिली तेव्हा मला वाटलं, हे सगळे आत्तापर्यंत कुठंतरी झोपले होते आणि आवाजानं जागे झाले.

वस्तीवर पोरं काय म्हणतात ते तुला ठाऊक असावं म्हणून लिहितो. म्हणतात, "बघा, एक बार काढला तर नऊ दिसांत दार. दोन काढलं तर काय हुईल?" आणखी तीन जण रणजितच्या मागं गेले. एक तर अजून अकरावीत आहे.

रणजित तू गेल्यानंतरचा. वालचंदनगरकडचा, बोलायला मऊ. दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा त्यानं सगळ्यात आधी चौकीचं गंजलेलं कुलूप उघडलं. फोडलं नाही. तीन दिवस रोज त्यात तेल सोडत राहिला, चौथ्या दिवशी ते आपोआप सुटलं. आत झाडून दोन बाकं टाकली. लोक यायला लागले. बांधाचं भांडण, चोरीला गेलेली मोटार. तालुक्याला गेलं की तारीख मिळते, इथं संध्याकाळपर्यंत निकाल. शकुबाईची पाणबुडी मोटार दोन दिवसांत परत आली तेव्हा ती चौकीच्या पायरीला हात लावून म्हणाली, "सरकार हितं ऱ्हायला आलं बाई."

मग पाणी. त्याची पोरं काठ्या घेऊन वरच्या अंगाला चोरीच्या पाइपांजवळ उभी राहिली आणि एका दुपारी पाणी टेलला आलं. अजित, तू ते पाहायला हवं होतंस. पाणी आधी दिसलंच नाही. आधी चारीतला पाचोळा हलला, मग धूळ गोळा होऊन पुढं सरकू लागली, तिच्यावर सावरीचा कापूस, एक चप्पल, आणि त्या सगळ्याच्या मागं एक बोटभर जाडीची चमक. झोपेत चालल्यासारखं येत होतं. लहान पोरं त्याच्यापुढं उलटी चालत होती, पाठ न दाखवता. अप्पांनी पायताण काढून ठेवलं. मी घड्याळ पाहिलं, तीन वाजून दहा मिनिटं. त्या दिवशी रणजितनं मागितलं असतं तर मी काहीही दिलं असतं. त्यानं फक्त अक्षर मागितलं.

"सत्तावीस अर्ज!" माझी फाईल चाळून तो म्हणाला. "ऋषी, एवढ्या कागदाचा सुतळी बाँब वळला असतास तर त्याचा आवाज तरी आला असता."

सगळे हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. मग मी त्याच्यासाठी ताकिदी लिहू लागलो. वरच्या अंगाला चोरून पाइप टाकलेल्या एका बागायतदाराला त्यांनी लिंबाच्या झाडाला बांधलं आणि ताकीद मीच वाचून दाखवायची होती. त्यानं माझ्याकडे प्यायला पाणी मागितलं. मी तांब्याकडे वळलो तर रणजित म्हणाला, "आधी वाच." मी आधी वाचलं. दीड पान होतं.

दवाखान्यातलं एक सांगायचं राहिलं. काल पोलीस साहेब जबाबाला आले. तात्यांना ऐकू येत नाही, म्हणून प्रश्न लिहून दाखवायचे. साहेबांचं अक्षर तात्यांना लागेना. साहेब माझ्याकडे वळले. "ए, तुझं बरं दिसतंय. तूच लिही." मी वही घेतली. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. 'स्फोटापूर्वी आरोळी ऐकली का?' तात्या म्हणाले, "व्हय, तीन डाव." मी पुढचा लिहिला. 'आरोळी देणाऱ्याचा आवाज ओळखीचा होता का?' तात्यांनी ती ओळ वाचली. मग बराच वेळ अक्षराकडेच पाहत राहिले. मग माझ्याकडे.

"न्हाय," म्हणाले. "वळखीचा न्हवता."

साहेबांनी सही घेतली. बाहेर कारंजं फिरत होतं.

ऋषिराज


लासुर्णे
मंगळवार, ६ मे २०२५
दुपारी साडेबारा

अजित,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. 'आई म्हणते, दहा तारखेला झेरॉक्सचं दुकान बंद होतं.'

बंद होतं. दुकानाच्या मालकीण विजयमाला वहिनी माहेरी गेल्या होत्या आणि किल्ली माझ्या खिशात होती. मी कालव्यावर होतो. आरोळी माझी होती.

जसं झालं तसं क्रमानं लिहितो. दार उडवायचं रणजितनं ठरवलं. दार वर-खाली करायचा आटा पार झिजला होता, ते निम्म्यावर अडकायचं. ते गेलं की पाणी सरळ खाली येईल असा त्याचा हिशेब. जिलेटिन विहिरीच्या कामावरून आलं. वेळ मी काढून दिली. चार गुरुवार मी बांधावर बसून पाहिलं. तात्या बाराला सायकल काढतात, घरी जेवतात, दोनला परत येतात. चारी वेळा बारा ते बारा पाच. मी ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मी एक अट घातली होती. बार लावण्याआधी आरोळी द्यायची. विहिरीवर देतात तशीच, तीनदा, लाल फडकं दाखवून. चुकून कुणी शेळ्या घेऊन आलं तर? रणजित म्हणाला, "तू लईच भित्रा हायस गड्या. पर दे, तूच दे. दुपारच्याला बार झाला तर लोकांला वाटंल कुनाची तरी हीर चाललीया." त्याला ते सोयीचं पडलं. मला वाटलं, मी काहीतरी वाचवलं.

पण त्या गुरुवारी फुलामावशी बारामतीला तुमच्या रोहिणीताईकडे गेल्या होत्या. घरी जेवण नव्हतं. तात्या भाकरी फडक्यात बांधून घेऊन आले होते आणि वरच्या अंगाला जांभळीखाली जेवत होते. सायकल पंक्चर होती, म्हणून ती दिसली नाही. पूर्वी मी रोज तुमच्या ओट्यावरून जायचो. तसाच गेलो असतो तर मावशींनी न विचारताच सांगितलं असतं. अर्ज सव्वीसनंतर मी मागच्या वाटेनं जायला लागलो होतो.

आरोळी ऐकली की आपण काय करतो? तुला विचारायची गरज नाही. आपल्याला चालता येतं तेव्हापासून शिकवलेलं आहे. दगड आभाळातून येतो, म्हणून डोक्यावर पक्कं छप्पर बघायचं. झाडाखाली थांबायचं नाही, पत्र्याखाली नाही. मोरी असेल तर मोरीत जायचं. आपण दोघं कितीदा त्याच मोरीत बसलोय, गुडघे छातीशी धरून, बार मोजत. त्या माळावर एकच मोरी आहे.

मी ओरडलो, "सुरुंग हाय रंऽ! लांब व्हाऽ!" तात्या भाकरी टाकून उठले आणि आपल्याला शिकवलं होतं तसंच वागले.

बार माती उडवत वर गेला. दार गेलं, पण बाजूची भिंत चारीतच बसली. पुढच्या आवर्तनाचं पाणी तिला अडून नाल्यात जाणार होतं. आमच्या टेलला तेव्हाही काही येणार नव्हतं.

मला एवढंच ठाऊक आहे. मी त्यांना पाहिलं नव्हतं.

ऋषिराज


बारामती, दवाखान्याचा जिना, दुसरा आणि तिसरा मजला यांच्यामध्ये
बुधवार, १४ मे २०२५
सकाळी नऊ वाजून पाच मिनिटे

अजित,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी आहे. ती सोडून बाकी पत्र खरं धर.

मी त्यांना पाहिलं होतं. तिसऱ्या आरोळीच्या आधी. ऊन इतकं होतं की माळावर पाणी भरल्यासारखं दिसत होतं आणि त्या पाण्यातून एक माणूस चालत येत होता, गुडघ्याखाली पाय नसलेला. आधी वाटलं, भास आहे. मग तो धावू लागला. धावताना डावा खांदा खाली टाकायची लकब दिसली. मी ती लहानपणापासून ओळखतो, तूही तसाच धावतोस. वात पेटलेली होती. मोरीपाशी पोचायला त्यांना आणखी वीस-पंचवीस पावलं होती. तेवढ्यात एक शब्द मावला असता. 'तात्या' म्हणायचं होतं, 'तिकडं नको' म्हणायचं होतं. पण नाव घेऊन हाक मारली की ती ओळखीच्याच माणसाची असते. मी तिसऱ्यांदा तीच आरोळी दिली, ठरलेली. ती ऐकून ते आणखी जोरात धावले.

हे सगळं मला रोज स्वप्नात दिसतं असं लिहिणार होतो, पण दिसत नाही. स्वप्नात फक्त पाणी येतं, पाचोळा ढकलत, आणि त्याच्यापुढं उलटा चालणारा मी असतो. मागं काय आहे ते दिसत नाही.

आता हे सगळं का लिहितो ते ऐक. शुक्रवारी तात्यांना कार्यालयाची नोटीस आली. त्यांनी ती न वाचताच माझ्या हातात दिली. 'स्फोटाची वेळ आतील माहितीशिवाय निश्चित होणे शक्य नाही. आपण घटनास्थळी कसे होतात आणि आरोळी देणाऱ्यास आपण का ओळखले नाही, याचा खुलासा सात दिवसांत करावा. अन्यथा आपणांस सहआरोपी करण्याची शिफारस करण्यात येईल.' मी दोनदा वाचली. चौकशी पुन्हा उतरत उतरत त्याच पायरीवर आली आहे.

मी वहीत नोटिशीतलं सगळं लिहून दाखवलं. तात्यांनी वाचलं.

"मग लिही की खुलासा," ते ओरडले. "तुझ्याइतकं झ्याक कोन लिवतंय!"

मी लिहिलं, 'तुम्ही आवाज ओळखला होता.'

"मला कान न्हाईत. मला काय ईचारतूस?"

समोरच्या खाटेवरचे आजोबा हसले. तात्याही हसले. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू बोलायचा प्रयत्न केला, तरी ते जिन्यापर्यंत ऐकू गेलं असेल. "तुजा आवाज हाय म्हनूनच बिनघोर गेलो रं. म्हनलं, ऋषी हाय, चौकडं बघूनच वरडत आसंल. त्यो काय चुकायचा न्हाय."

माझ्या हातात पेन होतं. मी वहीचं पान उलटलं.

नव्या पानावर लिहिलं, 'मग साहेबांना खोटं का सांगितलंत?'

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "दोन म्हयनं घरात बसलो व्हतो मी, निलंबनात. घरात बसल्यालं मानूस काय आसतंय ते मला ठावं हाय. तू तेवीस वर्साचा हायस." आणि मग चिडून म्हणाले, "आन् तुज्या अर्जाचा राग हाय माजा आजून, ते येगळं! त्यो अर्ज बरुबर व्हता म्हनून तर राग हाय. दार निम्मंच उचलायचं ते मला दिसत न्हवतं व्हय? कुनाला सांगू? वर मानूसच न्हाय. सांगायला गेलं की खुर्चीला पंखा वारा घालतूय नुसता."

मी काल दुकानात बसून अर्ज क्रमांक अठ्ठावीस लिहिला. साडेतीन पानं झाली. अर्जदार मी. चार गुरुवारांच्या नोंदी, बागायतदाराला लिंबाला बांधलं तो दिवस, रणजितचं नाव, जिलेटिन आणणाऱ्या दोघांची नावं, आणि आरोळी. मी तिसऱ्या आरोळीआधी काय पाहिलं तेही. कुठं काही खोडलं तर शंका येते म्हणून पान तिसरं पुन्हा लिहून काढलं. अकरावीतल्या त्या पोराचं नाव घातलेलं नाही. त्याला मी सोमवारी घरी जाऊन भेटलो. तो म्हणाला, "तुमी लिवत बसा, आमाला पानी पायजे." मी त्याला तात्यांना बघायला चल म्हणालो. तो आलाही. खाटेपाशी उभा राहिला, सळई घातलेल्या पायाकडे पाहिलं. तात्यांनी त्याला शेजारच्यानं दिलेलं केळं दिलं आणि ओरडून विचारलं, "तू कुनाचा रं?" त्यानं काय ठरवलं ते मला माहीत नाही. केळं त्यानं घरापर्यंत हातात धरून नेलं, एवढं पाहिलं.

रणजितला कळलं की काय होईल याची मला भीती वाटते. पण चौकीत बारा माणसं आहेत तोवर दिलं पाहिजे. बारा किती दिवस राहतील याचा भरवसा नाही. चौकीला पुन्हा कुलूप लागलं की तेल घालणारा कुणीतरी येईलच.

आज इथं आलो तेव्हा तात्या खिडकीकडे तोंड करून झोपले होते. कारंजं चालू होतं. काचेला सावरीचा कापूस चिकटला होता. मी दारातच उभा राहिलो आणि मला काय झालं कुणास ठाऊक, पूर्ण आवाज काढून हाक मारली, "तात्याऽ!" सगळा वॉर्ड वळला. नर्स धावत आली. ते वळले नाहीत.

मग मी पुढं जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. जागे झाले, माझ्या हातातला लिफाफा पाहिला. "झाला खुलासा?" मी मान हलवली. "पोच घे," म्हणाले, "शिक्का बघून घे. न्हाय तर म्हनत्याल, आलाच न्हाय."

आता दहाला पोलीस स्टेशन. हे पत्र जाताना पेटीत टाकतो. तू ये. तात्यांना लिहून दाखवायला आता कुणीतरी लागेल. तुझं अक्षर वाईट आहे, मोठं काढ.

हिशेब खाली जोडला आहे, कारण मला तो नंतर करता येईलच असं नाही.

झालेला खर्च
लासुर्णे–बारामती एसटी, जाऊन-येऊन १६ वेळा, नव्वदप्रमाणे: रु. १,४४०
त्या पोराचं तिकीट, जाऊन-येऊन: रु. ९०
तात्यांसाठी वह्या दोन, पेन एक: रु. ७०
लिफाफे, तिकिटं, चार पत्रं: रु. ४०

येणे
विजयमाला वहिनींकडून दोन महिन्यांचा पगार: रु. १३,०००
(तो फुलामावशींच्या हातात द्यावा असं वहिनींना लिहून दिलं आहे.)

देणे
रणजितकडून ताकिदी लिहिण्याचे घेतले: रु. ३,२००
(अर्जासोबत पोलिसांकडे जमा करतो. नोटांचे नंबर लिहिले आहेत.)
वहिनींच्या दुकानातले कागद, न विचारता वापरलेले, ११२: रु. ११२
दवाखान्याचं बिल, काल संध्याकाळपर्यंत, सोपान दगडू, खाट क्रमांक ९: रु. १,४८,६००
त्यातून पगाराचे वजा: रु. १३,०००
बिलातले माझ्याकडे बाकी: रु. १,३५,६००